‘मी तिथे नव्हतोच’ हे पहिल्या पंधरवड्यातच तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुनाच्या खटल्याची बातमी छापून आली की शेवटच्या परिच्छेदात हमखास एक वाक्य असते : ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरोपीला न्यायालयात ओळखले, घटनेच्या वेळी दुसरीकडे असल्याचा आरोपीचा बचाव न्यायालयाने फेटाळला.’ आरोपी सुटला असेल तर वाक्य उलटे होते आणि वाचक विचारतात, डोळ्यांनी पाहणारा माणूस असताना हे लोक सुटतात कसे? २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले तेव्हा हा प्रश्न शहरभर विचारला गेला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने २४ जुलैला सांगितले. त्यामुळे त्या निकालाच्या बऱ्यावाईटात आम्ही शिरत नाही. पण ओळखीच्या पुराव्यावर त्यात घेतलेले दोन आक्षेप शहरातल्या साध्यासुध्या खुनाच्या खटल्यांतही निघतात. शंभराहून अधिक दिवस गप्प राहून मग पुढे आलेले साक्षीदार, हा एक. ज्याला अधिकारच नव्हता अशा माणसाने घेतलेली ओळख परेड, म्हणजे रांगेतल्या माणसांतून साक्षीदाराने आरोपीला ओळखण्याची चाचणी, हा दुसरा.

आमचे म्हणणे असे, की साक्षीदाराची आठवण आणि आरोपीची अ‍ॅलिबी, म्हणजे ‘मी तिथे नव्हतोच, दुसरीकडे होतो’ हा बचाव, ही दोन्ही नाशिवंत आहेत. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत ती नीट जमवली नाहीत, तर काही वर्षांनी फोर्टच्या किंवा दिंडोशीच्या सत्र न्यायालयात कितीही निष्णात वकील उभा केला तरी हाती काही लागत नाही. पहिल्या गोष्टीची काळजी पोलीस थोडीफार तरी घेतात. दुसरीची जबाबदारी सध्या कोणाचीच नाही, आणि त्यामुळे खरा गुन्हेगारही सुटतो आणि निरपराध माणूसही आत राहतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कुर्ल्यातल्या एका चाळीच्या बोळात रात्री साडेनऊच्या सुमारास एकाला भोसकले. आरडाओरडा ऐकून पहिल्या मजल्यावरचा रहिवासी गॅलरीत आला, म्हणजे पहिला वार त्याने पाहिलेला नाही. बोळ नळापाशी वळतो, तिथे एक ट्यूबलाइट आहे. गॅलरीपासून अंतर साधारण बारा मीटर, तेही वरून खाली, म्हणजे चेहऱ्यापेक्षा डोके आणि खांदेच जास्त दिसणार. पळणारा माणूस उजेडात होता चार-पाच सेकंद. त्याच्या हातात सुरा होता, आणि हातात शस्त्र असले की पाहणाऱ्याची नजर शस्त्रावर खिळते, चेहऱ्यावर कमी ठरते. हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसलेले आहे. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत एक जुना ठोकताळा आहे : अगदी ओळखीचा माणूसही लख्ख चांदण्यात १७ यार्डांच्या, म्हणजे साडेपंधरा मीटरच्या, पलीकडे ओळखू येत नाही. इथे ट्यूबचा उजेड आहे हे खरे, पण माणूस अनोळखी आहे.

आता घटनास्थळाचा पंचनामा होतो कधी? बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात. त्यात ‘बोळात नळाजवळ एक ट्यूबलाइट आहे’ एवढे लिहिले जाते. ती आदल्या रात्री चालू होती का, लुकलुकत होती का, गॅलरीच्या कठड्याची उंची किती, समोर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या का, यातले काहीच येत नाही. तपास अधिकाऱ्याने त्याच रात्री, फार तर दुसऱ्या रात्री, त्याच वेळी पंचांसह त्या गॅलरीत उभे राहावे, टेपने अंतर मोजावे, खाली एका माणसाला चालवून व्हिडिओ घ्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाले नाही, की पुढे बचावाचा वकील ‘अंधार होता’ म्हणतो, सरकारी वकील ‘उजेड होता’ म्हणतात, आणि न्यायाधीशांसमोर मोजमाप काहीच नसते.

जबाबाची गत याहून वाईट. साक्षीदार रात्री दोन-अडीचला पोलीस ठाण्यात हिंदीत बोलतो, हवालदार मराठीत टाइप करतो आणि साच्यातली वाक्ये येऊन बसतात : ‘सदर अनोळखी इसम, वय अंदाजे २५ ते ३०, मध्यम बांधा, रंग सावळा, उंची अंदाजे ५ फूट ५ इंच.’ या वर्णनात कुर्ला स्थानकातले निम्मे पुरुष बसतील. तीन साक्षीदारांच्या जबाबांत ते शब्दशः सारखे असले की उलटतपासणीतला पहिला घाव तिथेच बसतो. उलट साक्षीदाराने सांगितलेली चालण्याची ढब किंवा भुवईवरचा व्रण टाइप करताना गळतो. काही वर्षांनी तो न्यायालयात व्रणाबद्दल बोलला की ‘हे जबाबात नाही’ म्हणून ओमिशन, म्हणजे आधी न सांगितलेली गोष्ट, ठरते आणि खरे बोलणारा माणूस खोटा वाटू लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्ये जबाब दृक्‌श्राव्य नोंदवण्याची मुभा आहे. खुनाच्या तपासात तरी पहिला जबाब असाच घ्यावा, साक्षीदाराच्या भाषेत, आधी त्याला अडथळा न आणता बोलू देऊन.

प्रश्न कसा विचारला यानेही आठवण बदलते. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता; इतरांना विचारताना सौम्य शब्द वापरला. आठवड्याने ‘फुटलेली काच दिसली का’ असे विचारल्यावर पहिल्या गटातले ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यातले ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. ‘त्याच्या हातात सुरा होता ना?’ आणि ‘त्याच्या हातात काय होते?’ यांत हाच फरक आहे. पोलीस ठाण्यात ‘हाच ना तो?’ म्हणून मोबाइलवरचा फोटो पुढे केला, तर त्यानंतर साक्षीदार जो चेहरा ओळखतो तो बोळातला की मोबाइलवरचा, हे खुद्द त्यालाही सांगता येत नाही. तो खोटे बोलत नसतो. म्हणूनच त्याचा आत्मविश्वास हे त्याच्या अचूकतेचे माप धरता येत नाही.

ओळख परेडीचे नियम आपल्याकडे चांगले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये ते दिले आहेत : आरोपी एक असेल तर रांगेत किमान सहा माणसे, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत सहसा दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. रांगेतले इतर, ज्यांना बोलीत डमी म्हणतात, वयाने, बांध्याने, रंगाने आरोपीशी मिळतेजुळते हवेत. आरोपीला उभे राहायची जागा निवडू द्यायची, आणि प्रत्येक साक्षीदारानंतर जागा किंवा कपडे बदलायचे आहेत का हे विचारायचे. साक्षीदार वेगळ्या खोलीत, आरोपी दिसणार नाही असे बसवायचे. पोलिसांनी तिथे थांबायचे नाही. शेवटचा नियम काटेकोर का आहे, हे १९५१ साली मुंबईच्या लॉइड्स बँकेवर पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : परेड पोलिसांच्या हाताखाली झाली तर साक्षीदाराचे ‘हाच तो’ म्हणणे पोलिसांपुढच्या जबाबासारखेच ठरते आणि पुरावा म्हणून चालत नाही.

बिघडते ते अंमलात. परेड घेणारा विशेष कार्यकारी अधिकारी. त्याची नेमणूक त्या तारखेला चालू होती का, याचे पत्र मेमोरँडमला, म्हणजे परेडीच्या लेखी नोंदीला, जोडलेले नसते. डमी आयत्या वेळी गोळा केलेले, पंचविशीच्या आरोपीशेजारी चाळिशीतली माणसे. चारही साक्षीदार एकाच गाडीतून, एकाच हवालदाराबरोबर आर्थर रोड कारागृहात येतात आणि दारापाशी एकाच बाकावर बसतात. पहिला आत जाऊन आला की त्याने दुसऱ्याला काय सांगितले याची नोंद कुठेच नसते. आणि मेमोरँडममध्ये ‘साक्षीदाराने आरोपी क्र. १ यास ओळखले’ इतकेच. हात लावून ओळखले का, किती वेळ घेतला, ‘बहुतेक हाच’ म्हणाला की ‘हाच’, ‘याने भोसकले’ म्हणाला की ‘हा तिथे उभा होता’, हेच तर हवे असते. परेडीतली ओळख हा मूळ पुरावा नाही, तो फक्त दुजोरा. मूळ पुरावा न्यायालयात शपथेवर केलेली ओळख. पण अनोळखी आरोपीच्या बाबतीत न्यायालयातली ती ओळख वर्षांनी होते आणि तिथे आरोपी कोण हे बसण्याच्या जागेवरूनच कळते, म्हणून आधी लवकर घेतलेल्या निर्दोष परेडीशिवाय तिला वजन येत नाही. आरोपी कारागृहातून व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजर होत असेल, तर ओळखीच्या साक्षीच्या दिवशी तरी त्याला प्रत्यक्ष आणायला हवे. टीव्हीच्या पडद्यावरचा अंगठ्याएवढा चेहरा ओळखायला लावणे कोणाच्याच हिताचे नाही.

आरोपी आधीपासून ओळखीचा असेल तर परेडीची गरज नसते, आणि चाळ-वस्तीतल्या भांडणांत बहुधा तसेच असते. तिथे प्रश्न चेहऱ्याचा कमी, वैराचा जास्त. खरे मारणारे दोन, फिर्यादीत नावे सात, कारण भावकीतल्या सगळ्यांनाच अडकवायचे. आपल्या कायद्यात एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळी साक्ष टाकून देत नाहीत. न्यायाधीशांना ती सुपात घालून पाखडावी लागते. किती साक्षीदार हवेत याला आकडा नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम १३४ होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३९ तेच सांगते, आणि १९५७ साली वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांची तीन प्रकारांत विभागणी केली : पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि धड हा नाही धड तो नाही असा. पहिल्या प्रकारचा एक पुरतो. तिसऱ्याला बाहेरचा दुजोरा लागतो. मुंबईत आम्हाला दिसतो तो बहुतेक तिसराच.

बचावाच्या वकिलांकडून होणारी एक चूकही इथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे चांगली उलटतपासणी वाया जाते. जबाब आणि साक्ष यांत विसंगती असेल तर जबाबातला नेमका तो भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो, ‘असे सांगितले होते का’ म्हणून विचारावे लागते आणि तो भाग ‘ए’ अशी खूण करून ठेवावा लागतो. साक्षीदार नाही म्हणाला तर विसंगती अजून सिद्ध झालेली नसते. जबाब नोंदवणारा अधिकारी साक्षीला आला की ‘भाग ए साक्षीदाराने सांगितला म्हणूनच लिहिला का’ हे त्याला विचारायचे. हा दुसरा प्रश्न विसरला की तो भाग पुरावा म्हणून वाचताच येत नाही.

आता अ‍ॅलिबी. साक्ष अधिनियमाच्या कलम ९ मधले उदाहरण असे : गुन्हा चेन्नईत झाला आणि आरोपी त्या दिवशी लडाखमध्ये होता, तर ते तथ्य संबद्ध आहे. १८७२ च्या कायद्यात याच जागी कलकत्ता आणि लाहोर होते. मुंबईत इतके सोपे अंतर क्वचितच मिळते. इथे प्रश्न कुर्ला आणि भिवंडी असा असतो, किंवा कुर्ला आणि दादर असा. कुर्ल्याहून दादरला लोकलने पंधरा मिनिटेही लागत नाहीत, त्यामुळे ‘मी साडेनऊला दादरला होतो’ ही अ‍ॅलिबी उभी राहायची तर मिनिटांचा पुरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे स्पष्ट आहे : आरोपी घटनास्थळी असणे अशक्यच होते इतक्या खात्रीने हे सिद्ध व्हावे, आणि ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. बिनय कुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य, १९९७. मात्र दोन गोष्टी बातम्यांतून सुटतात. आरोपी घटनास्थळी होता हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. अ‍ॅलिबीचा विचार त्यानंतर. आणि अ‍ॅलिबी फसली म्हणून गुन्हा आपोआप शाबीत होत नाही. मुद्दाम खोटा बचाव उभा केला हे दिसले तर तो साखळीतला एक जादा दुवा धरला जातो, पण साखळी मुळात असावी लागते. बचावाचे साक्षीदारही सरकारी साक्षीदारांच्याच मापाने तोलायचे, हे दूधनाथ पांडे खटल्यात १९८१ सालीच सांगितले गेले आहे.

आपल्या उदाहरणातला आरोपी म्हणतो, मी भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला होतो. मस्टरवर आठ वाजताची सही आहे. पुढची नोंद रात्री ११.४० ची, टेम्पोच्या चलनावरची सही. मधे तीन तास चाळीस मिनिटे कोरी. मोटारसायकलने कुर्ल्याला जाऊन यायला ती पुरतात, म्हणून मस्टर खरे असूनही बचाव पडतो. खरा पुरावा मधल्या वेळेत आहे : गेटवरच्या रखवालदाराच्या वहीतली ९.२० ला आलेल्या गाडीची नोंद, फलाटावर माल उतरवताना दिसणारा कॅमेरा, किंवा समोरच्या टपरीवर ९.३५ ला केलेले २० रुपयांचे यूपीआय. हे शेवटचे क्षुल्लक वाटते, पण पिन टाकून केलेल्या पैशांवर वेळ सेकंदापर्यंत असते आणि टपरी कुठे आहे हे टपरीवाला सांगू शकतो. मोबाइलचे टॉवर लोकेशन इतके बोलत नाही. ते फोनचे असते, माणसाचे नव्हे, आणि कॉल, मेसेज किंवा डेटा झाला त्या क्षणाचे. खाडीकाठी किंवा समुद्राकाठी फोन पाण्यापलीकडचा टॉवरही पकडतो, म्हणून माहीमच्या उपसागराकाठचे लोकेशन फार घट्ट धरू नये. लोकलचा महिन्याचा पास तर काहीच सांगत नाही. मोबाइलवर काढलेल्या तिकिटावर काढल्याची वेळ तरी असते, मेट्रोच्या गेटवर आत आणि बाहेर दोन्ही नोंदी होतात. फास्टॅग मोटारसायकलला लागत नाही, आणि मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांनाही टोल नाही, म्हणून टोलनाक्याच्या नोंदीवरही भिस्त ठेवता येत नाही.

अ‍ॅलिबीला कोणती वेळ झाकायची, हेही पाहावे लागते. कुणी पाहिले नसेल तर मृत्यूची वेळ शवविच्छेदनावरून काढतात, आणि ती मिनिटांत कधीच नसते. मुंबईच्या उकाड्यात प्रेताचा ताठरपणा एक-दोन तासांत सुरू होतो, बाराएक तासांत पूर्ण होतो; पोटातल्या अन्नावरूनही अंदाजच निघतो. अहवालात चार-सहा तासांचा पट्टा येतो आणि अ‍ॅलिबीने तो सगळा झाकायला हवा. प्रत्यक्षदर्शी असेल तर उलट त्याने सांगितलेल्या वेळेला धरून चालता येते, आणि म्हणूनच त्याची वेळ कशावरून ठरली, टीव्हीवरच्या मालिकेवरून, नळाच्या पाण्यावरून की मागाहून पोलिसांनी सांगितल्यावरून, हे विचारणे सर्वात महत्त्वाचे.

यातला सर्वात नाशिवंत पुरावा सीसीटीव्हीचा. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने चालला तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. सोसायटीचे किंवा गोदामाचे आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला १७० जीबीच्या वर. दोन टीबीची हार्ड डिस्क बाराव्या दिवशी भरते आणि पहिला दिवस पुसला जातो. पोलीस ठाण्यांतले चित्रण १८ महिने ठेवावे असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. सोसायट्यांना आणि गोदामांना असे बंधन नाही. खुनाच्या आरोपपत्राला ९० दिवस मिळतात. आरोपीच्या हाती कागद येईपर्यंत भिवंडीतले फुटेज सात वेळा पुसून झालेले असते. त्यात, न्यायालयाकडून कागद मागवून घेण्याचा आरोपीचा हक्क साधारणतः बचावाच्या टप्प्यावर सुरू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या देबेंद्रनाथ पाढी निकालापासूनचे धोरण. म्हणजे पुरावा बाराव्या दिवशी मरतो आणि मागायचा हक्क तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळतो. मग आरोपी पहिल्यांदा बोलतो ते नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ च्या, म्हणजे सरकारी साक्षी संपल्यावर न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात त्या, जबाबात, आणि निकालात लिहिले जाते : मागाहून सुचलेली सबब.

यावर आजच्याच कायद्यात एक वाट आहे आणि ती फारच कमी वापरली जाते. पहिल्या रिमांडच्या दिवशी वकिलाने दंडाधिकाऱ्यांकडे एक पानाचा अर्ज द्यावा : अमुक गोदाम, अमुक पत्ता, कॅमेरा कुठे लावला आहे, तारीख, संध्याकाळी सात ते रात्री बारा, एवढे चित्रण जपून ठेवण्याचे निर्देश द्यावेत. ‘सादर करा’ म्हणायचे नाही, ‘जपून ठेवा’ म्हणायचे. त्यामुळे तपास उघडा पडत नाही, कुठल्या टप्प्यावर काय मागता येते हा वाद उठत नाही, आणि आरोपीने पहिल्या दिवसापासून हेच सांगितले याची तारीखवार नोंद न्यायालयातच राहते. कॉल रेकॉर्डसाठीही तोच अर्ज. मोबाइल कंपन्यांना ती दोन वर्षे ठेवावी लागतात, खटला त्याहून लांबतो. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहेच, म्हणून हे पोलिसांपुढच्या जबाबात न घालता वकिलामार्फत लेखी द्यावे. वकील नसलेल्यांसाठी रिमांडला हजर असणाऱ्या विधी सेवेच्या वकिलांकडे असा छापील नमुना असला तर दहा मिनिटांत भरता येईल.

पोलिसांकडून आमची मागणी अशी : आरोपीने ठिकाण सांगितले की सात दिवसांत तिथे जाऊन तपासावे, आणि काय सापडले, किंवा काहीच सापडले नाही, ते आरोपपत्राला जोडावे. यात सरकार पक्षाचे नुकसान नाही. खोटी अ‍ॅलिबी सातव्या दिवशी जितकी सहज उघडी पडते तितकी चौथ्या वर्षी पडत नाही. तोवर मेहुणा, गोदामाचा मुकादम, लग्नातला फोटोवाला असे सगळे ‘तो आमच्याबरोबर होता’ म्हणायला तयार झालेले असतात. इंग्लंडमध्ये १९६७ पासून आरोपीने अ‍ॅलिबीची आगाऊ सूचना द्यावी असा कायदा आहे. त्या देशाला साक्षीदारांच्या चुकीचा चटका बसलेला होता. अडॉल्फ बेक या माणसाला १८९६ साली अनेक स्त्रियांनी फसवणूक करणारा म्हणून ठामपणे ओळखले आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. ज्या जुन्या गुन्हेगाराशी पोलीस त्याला एक ठरवत होते, त्याच्या १८७७ च्या गुन्ह्याच्या वेळी बेक पेरू देशात होता. तो पुरावा न्यायाधीशांनी ऐकूनच घेतला नाही. खरा माणूस १९०४ मध्ये सापडला. आपल्याकडे अशी सूचना सक्तीची करायची तर आधी पोलिसांवर तपासणीची सक्ती हवी. नुसती सूचनेची सक्ती आणली तर आर्थर रोडमध्ये बसलेल्या गरिबाचा बचाव तांत्रिक कारणाने जाईल.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक विनंती. परिसरात खून झाला की पोलीस येण्याची वाट न पाहता त्या रात्रीचे चित्रण वेगळे काढून ठेवा, पण मूळ डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राला, हात लावू नका. डीव्हीआरचे घड्याळ आणि मोबाइलवरचे घड्याळ एका फोटोत घ्या. डीव्हीआर सात-आठ मिनिटे पुढे-मागे असणे अगदी नेहमीचे आहे, आणि कुर्ला-दादर अंतरात तेवढी मिनिटे निर्णायक ठरतात. पोलीस नुसत्या पेन ड्राइव्हवर कॉपी घेऊन निघाले तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राबद्दल विचारा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायची असते, भाग ए यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि भाग बी तज्ज्ञाने. हे प्रमाणपत्र नसेल तर चित्रण पुराव्यात घेता येत नाही, हे जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० साली पक्के झाले. मुख्य अपवाद : मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर. डीव्हीआर जप्त झाल्यास पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

संपादक महोदय, शेवटची विनंती आपल्याला. अटक झालेल्या संशयिताचा उघड्या चेहऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतो. गॅलरीत उभा असलेला तो साक्षीदारही सकाळी चहाबरोबर तोच अंक वाचतो. त्यानंतर घेतलेल्या परेडीला अर्थ उरत नाही, आणि आरोपी खरा असेल तर बचावाचा वकील तुमचाच अंक निशाणी म्हणून दाखल करतो. प्रत्यक्षदर्शी आहे आणि आरोपी अनोळखी आहे असे वार्ताहराने कळवले, तर परेड झाली का एवढे ठाण्यात विचारून घ्यावे, आणि झालेली नसेल तर चेहरा झाकून छापावा किंवा छापू नये. साक्षीदाराचे नाव, मजला, खोली नंबर तर कधीच नको. तो त्याच चाळीत राहतो, आणि आरोपीचे घर बहुधा दोन बोळ पलीकडे असते.

आपले,
फौजदारी खटले चालवणारे काही वकील
फोर्ट, मुंबई